नेम मनगटाने, धाव अंगठ्याने

पुण्यात कोथरूड, वाकड किंवा सिंहगड रस्त्यावरच्या टू बीएचके फ्लॅटचा हॉल साधारण १० फूट बाय १५ फुटांचा असतो. टीव्ही लांबीच्या भिंतीवर असेल, तर टीव्हीखालच्या युनिटचे दीड फूट आणि समोरच्या सोफ्याचे तीन फूट वजा करून मध्ये साडेपाच फूट उरतात. तेही टीपॉय उचलून बाल्कनीत ठेवला तर. व्हिडिओ गेम खेळताना शरीराच्या हालचाली टिपणारा कायनेक्ट कॅमेरा मायक्रोसॉफ्टने २०१० साली आणला. त्याला एका खेळाडूसाठी सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट अंतर लागायचं. टीव्ही आखूड भिंतीवर घेतला तर अंतर मिळतं, पण मग मुख्य दारातून स्वयंपाकघरात जाणारा प्रत्येक माणूस खेळाडू आणि कॅमेरा यांच्या मधून जातो. हातवाऱ्यांचे खेळ चांगले की बटणांचे, या वादाचा अर्धा निकाल आपल्याकडे मोजपट्टीनेच लागतो.

उरलेला अर्धा निकाल मात्र मोजपट्टीने लागत नाही, आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते. 'मोशन कंट्रोल' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिलीत बटण दाबण्याऐवजी हात फिरवायचा: बॅट घुमवायची, तलवार चालवायची, रिमोट झटकायचा. दुसरीत कंट्रोलर दोन्ही हातांत नेहमीसारखाच धरायचा, अंगठे त्यावरच्या छोट्या दांड्यांवर, म्हणजे स्टिकवरच ठेवायचे आणि बारीक नेम साधण्यासाठी कंट्रोलर काही अंश वळवायचा. या दुसऱ्या प्रकाराला खेळणारे 'जायरो' म्हणतात, कारण वळणं मोजायचं काम त्यातली जायरोस्कोपची चिप करते. पहिल्या प्रकाराची सक्ती कोणत्याही खेळाने करू नये. दुसरा मात्र प्रत्येक कंट्रोलरमध्ये आणि नेम धरायच्या प्रत्येक खेळात असायलाच हवा. पहिला फसला म्हणून दुसराही मोडीत काढणं, ही गेल्या पंधरा वर्षांत या धंद्याने केलेली सगळ्यात महागडी चूक आहे.

पहिला प्रकार का फसला ते नीट समजून घ्यायला हवं, कारण दुसऱ्याचं बळ त्यातूनच कळतं. निन्टेन्डो कंपनीचा वी हा टीव्हीला जोडायचा कन्सोल २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आला. त्याच्या रिमोटमध्ये तीन दिशांचा प्रवेग मोजणारा अॅक्सेलरोमीटर होता आणि पुढच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या 'सेन्सर बार'मध्ये नावाप्रमाणे सेन्सर मुळी नव्हताच. दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे होते, बस. पाहणारा डोळा रिमोटमध्ये होता. बार बिघडला की दोन मेणबत्त्या काही अंतरावर ठेवूनही काम भागायचं, ते यामुळे. याच कारणाने दिवाळीत टीव्हीशेजारी पणत्या लावल्या किंवा जुन्या पिवळ्या बल्बचा आकाशकंदील चौकटीत आला, की पडद्यावरचा हात भलतीकडे उड्या मारायचा. पश्चिमेच्या खिडकीतून टीव्हीवर पडणारं चार वाजताचं ऊन तोच घोळ करायचं. कायनेक्टही इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी खोलीत टाकून अंतर ओळखायचा. थेट उन्हात ती जाळी धुऊन जायची.

त्याहून मोठी अडचण अॅक्सेलरोमीटरच्या स्वभावातच आहे. तो वेगातला बदल सांगतो. हात कुठे आहे ते सांगत नाही. प्रवेगावरून जागा काढायची तर दोनदा बेरीज करत जावं लागतं, आणि चूकही दोनदा साठत जाते. सेन्सरमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या एक टक्का इतकी बारीक चूक आहे असं धरा. एका सेकंदात हाताची जागा ५ सेंटिमीटरने चुकते, दोन सेकंदांत २० सेंटिमीटरने आणि पाच सेकंदांत जवळजवळ सव्वा मीटरने. म्हणून वीचा रिमोट 'हात इथे आहे' असं कधी म्हणूच शकत नव्हता. 'आत्ता जोरात झटका बसला' एवढंच त्याला कळायचं. टेनिसमध्ये खांद्यापासून रॅकेट फिरवणारा आणि सोफ्यावर रेलून मनगट झटकणारा, दोघांचा फटका सारखाच लागायचा. मुलांना हे दोन दिवसांत कळायचं आणि तिसऱ्या दिवशी सगळी सोफ्यावर बसलेली असायची.

२००९ साली मोशनप्लस नावाचा जायरोचा जोड आला आणि रिमोट कसा वळला हे नेमकं कळू लागलं. सोनीने २०१० मध्ये प्लेस्टेशनसाठी मूव्ह हा कंट्रोलर आणला. त्याच्या टोकावरचा उजळणारा गोळा कॅमेऱ्याला दिसायचा, आणि गोळ्याचा खरा आकार ठरलेला असल्याने तो चित्रात किती मोठा दिसतो यावरून अंतर कळायचं. तांत्रिकदृष्ट्या मूव्ह हा त्या पिढीतला सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न होता. हाताची जागा त्याला खरोखर कळायची. तरीही तो टिकला नाही, कारण जागा कळली म्हणून सगळं सुटत नाही.

क्रिकेटचंच घ्या. आपल्या बाजारासाठी प्लेस्टेशन ३ वर 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' नावाचा गल्ली क्रिकेटचा खेळ आला होता, आणि हातात बॅट धरून खेळायचा व्हिडिओ गेम आपल्याकडे चालला नाही तर कुठे चालणार, असं कोणालाही वाटेल. आता गणित मांडा. ताशी १३० किलोमीटर वेगाचा चेंडू एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचे ५८ फूट सुमारे अर्ध्या सेकंदात कापतो. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेत असेल, तर दोन चित्रांत ३३ मिलिसेकंद जातात. सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरणारा हात तेवढ्यात १६ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. चित्रातून शरीर ओळखायचा वेळ त्यात मिळवा, टीव्हीने चित्र रंगवायला घेतलेला वेळ मिळवा. ही सगळी दिरंगाई १०० मिलिसेकंदांवर गेली, की चेंडूच्या प्रवासाचा पाचवा हिस्सा आपल्या हातून गेला. बटण दाबणं ही क्षणाची गोष्ट आहे. ते दाबलेलं असतं किंवा नसतं. हाताची हालचाल कुठे सुरू झाली हे मात्र खेळाला ओळखावं लागतं. बॅट मागे उचलली तो बॅकलिफ्ट होता की फटका? खेळ थांबून खात्री करून घेतो, म्हणजे उशीर होतो. किंवा घाईने अंदाज बांधतो, म्हणजे बॅट उचलल्याबरोबर पडद्यावरचा फलंदाज पूल मारून मोकळा होतो. दोन्हींतला मधला रस्ता खेळ लिहिणाऱ्यांना काढावा लागतो, आणि तो दोन्हीकडून थोडा थोडा अपुराच राहतो.

शिवाय चेंडू बॅटला लागल्याचं हाताला कळत नाही. कंट्रोलर थरथरतो, पण थरथर म्हणजे अडकाव नव्हे. तलवारीच्या खेळात शत्रूच्या ढालीवर पडद्यावरची तलवार थांबते, आपला हात मात्र पुढे गेलेला असतो. आता खऱ्या हाताची आणि पडद्यावरच्या हाताची फारकत झाली, आणि ती मिटवायला कोणतीच चिप उपयोगाची नाही. स्टिक स्प्रिंगने अंगठ्याला विरोध करते, बटण तळाशी जाऊन अडतं. हातात येणारं हे उत्तर इतकं सवयीचं झालंय की ते नाहीसं होईपर्यंत त्याची किंमत कळत नाही.

हातवाऱ्यांचा सगळ्यात वाईट वापर तर याहून सोपा होता: जिथे एक बटण पुरलं असतं तिथे रिमोट झटकायला लावणं. २०१० सालच्या 'डॉन्की काँग कंट्री रिटर्न्स'मध्ये वीवर लोळण घ्यायला रिमोट हलवावा लागायचा. या खेळात एका उडीची चूक म्हणजे जीव जातो. तिथे झटका ओळखायला लागणारा वेळ आणि कधी दोनदा ओळखला जाण्याची शक्यता, ही खेळाडूची चूक नसते, तरी शिक्षा त्यालाच होते. २०१३ मध्ये हाच खेळ हातातल्या ३डीएसवर आला तेव्हा लोळण बटणावर गेली आणि खेळ एका दमात सुधारला. प्लेस्टेशन ३ वरच्या 'लेअर'ने २००७ मध्ये ड्रॅगन उडवायला कंट्रोलर तिरका करायची सक्ती केली. लोक वैतागले, आणि पुढच्या वर्षी सोनीला स्टिकने उडवायची सोय देणारी सुधारणा पाठवावी लागली. 'स्कायवर्ड स्वोर्ड' हा २०११ चा खेळ तर मोशनप्लसशिवाय चालतच नसे. २०२१ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर तो परत आला तेव्हा तलवार उजव्या स्टिकनेही चालवता येऊ लागली. तिन्ही ठिकाणी खेळ तोच राहिला, फक्त सक्ती गेली.

हातवाऱ्यांच्या बाजूने बोलणारे लोक व्यायामाचा मुद्दा काढतात. 'निदान मुलं हलतात तरी,' असं म्हणत पालक दुकानात याच कारणाने तयार होतात. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यापुरतंच. हलणं हाच खेळाचा उद्देश असेल आणि यंत्र ते खरंच मोजत असेल, तर व्यायाम होतो. वी फिटच्या पाटाला चार कोपऱ्यांत वजन मोजणारे सेन्सर होते. त्यावर रेलून बसून फसवता येत नसे. २०१९ च्या रिंग फिट अॅडव्हेंचरमध्ये कडं दाबलं की त्यातला ताण मोजला जातो आणि डाव्या मांडीला बांधलेला जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा छोटा कंट्रोलर, पाय किती वर आला ते पाहतो. या खेळात 'सायलेंट मोड' आहे. जागच्या जागी धावण्याऐवजी गुडघे वाकवून काम होतं. आपल्या सोसायट्यांमध्ये दुपारी एक ते चार खालच्या मजल्यावर कोणी आजारी, कोणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं. तिथे ही सोय देणाऱ्यांनी घर कसं असतं याचा विचार केलेला दिसतो. असा खेळ घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा. पण मारधाडीच्या खेळात रिमोट झटकण्याला व्यायाम म्हणणं चूक आहे. तिथे शरीर आपोआप कमीत कमी कष्टाची वाट शोधतं, आणि यंत्र त्याला ती वाट मोकळी करून देतं.

आणखी एक गोष्ट घरात शिरायच्या आधी पाहावी. हात वर करून उभ्या माणसाच्या हातातला रिमोट सात-साडेसात फुटांवर पोचतो, आणि आपल्या हॉलमधल्या पंख्याची पाती तिथून फार वर नसतात. वी आल्यानंतर पहिल्याच डिसेंबरात निन्टेन्डोला ३२ लाख मनगटी दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली, कारण पातळ दोरी तुटून रिमोट टीव्हीकडे उडत होते. पुढच्या वर्षी रिमोटवर घालायचं सिलिकॉनचं कव्हर फुकट द्यावं लागलं. लहान मुलांकडे रिमोट देताना दोरीची गाठ मनगटावर सरकवून घट्ट केली आहे का, हे आजही बघायला हवं. घामाने ओला हात ही मे महिन्यातली रोजची गोष्ट आहे.

इथपर्यंत वाचून बटणवाले खूश झाले असतील, म्हणून आता स्टिककडे वळतो.

अंगठ्याने ढकलायच्या स्टिकने नेम धरणं ही मुळातच तडजोड आहे. माउस तुम्ही जेवढा सरकवता तेवढा नेम सरकतो. हात थांबला की नेम थांबला. स्टिक तसं करत नाही. स्टिक किती झुकवली यावरून नेम किती वेगाने सरकायचा ते ठरतं, म्हणजे योग्य वेग निवडा, योग्य क्षणाची वाट पाहा आणि नेमक्या क्षणी स्टिक मध्यावर परत आणा, अशी तीन कामं एका नेमामागे होतात. तीही अंगठ्याच्या काही मिलिमीटरच्या हालचालीत. हे माणसाला अवघड जातं हे खेळ लिहिणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच त्यांनी 'एम असिस्ट' घातलं. नेम शत्रूजवळ आला की यंत्र तो हळू करतं, कधी स्वतःच ओढून नेतं. माउसवाले आणि कंट्रोलरवाले एकाच सामन्यात खेळू लागल्यापासून यावर रोज भांडणं होतात: मदत जास्त आहे, मदत कमी आहे. भांडणाचं मूळ स्टिकमध्ये आहे आणि औषध मात्र सॉफ्टवेअरला दिलं जातंय.

स्टिकला दुसरंही दुखणं आहे, आणि त्याने आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांना बारमाही काम दिलंय. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास कंट्रोलर दुरुस्तीची चौकशी केलीत, तर 'ड्रिफ्ट' हा शब्द पहिल्या वाक्यात ऐकू येईल. हात न लावता पडद्यावरचा माणूस चालू लागतो, नेम एका बाजूला सरकत राहतो. स्टिकच्या खाली कार्बनच्या पट्टीवर धातूची बारीक जीभ घासत असते, आणि जीभ पट्टीवर कुठे आहे यावरून स्टिकची दिशा कळते. पट्टी मध्याजवळ सर्वांत जास्त घासली जाते. झिजली, भुकटी साठली, की मधला बिंदू हलतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काही आठवडे निघतात, पण झिजलेली पट्टी भरून येत नाही. खेळातला 'डेडझोन', म्हणजे मध्याजवळची जेवढी हालचाल खेळ मोजतच नाही ती मर्यादा, वाढवला तर ड्रिफ्ट झाकला जातो, पण त्या मर्यादेच्या आतली बारीक हालचालही मेली, म्हणजे नेम आणखी बिघडला. जॉय-कॉनची स्टिक स्क्रू आणि पातळ रिबनवर बसते. तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर आणि चिमटा असला तर घरी बदलता येते, फक्त रिबनच्या खटक्याला जोर लावायचा नाही. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरची गोष्ट वेगळी. तिथे एकेका स्टिकचे १४ डाग बोर्डावर सोल्डर केलेले असतात. ते सगळे एकदम मोकळे झाल्याशिवाय स्टिक ओढली, तर बोर्डावरचा तांब्याचा रस्ता तिच्याबरोबर उपटून येतो आणि मग कंट्रोलर कायमचा जातो. नवी स्टिक बसवल्यावर तिचा मध्य कंट्रोलरला पुन्हा शिकवावा लागतो. ही पायरी बरेच जण गाळतात आणि 'नवीन टाकूनही ड्रिफ्ट आहेच' म्हणून गिऱ्हाईक परत येतं.

चुंबकावर चालणारी, न घासणारी हॉल इफेक्ट स्टिक हा यावरचा खरा उपाय आहे, आणि तो नवा नाही. सेगाच्या ड्रीमकास्टने १९९८ मध्येच चुंबकी स्टिक दिली होती. तरीही २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या जॉय-कॉनमध्येसुद्धा घासणारीच पट्टी आहे. नवा कंट्रोलर घेताना बाहेरच्या कंपन्यांचे हॉल इफेक्टवाले पर्याय पाहावेत. पण त्यांतल्या पुष्कळांत जायरो नसतो, किंवा असला तरी तुमच्या कन्सोलवर चालत नाही. खोक्यावर ते वाचूनच पैसे द्यावेत.

आता जायरो. त्याची आपल्याकडच्या मुलांना ओळख करून द्यायची गरजच नाही, कारण ती आधीच झालेली आहे. बीजीएमआय हा फोनवरचा बंदुकांचा खेळ खेळणाऱ्यांपैकी जरा मनावर घेणारा कोणीही पाहा. दुर्बिणीतून नेम धरताना तो फोन किंचित तिरका करतो. सेटिंगमध्ये जायरोस्कोप 'स्कोप ऑन' ठेवायचा की 'ऑलवेज ऑन', यावर कॉलेजच्या कट्ट्यावर तावातावाने चर्चा होते. बंदुकीचा झटका खाली ओढायला अंगठ्यापेक्षा मनगट बरं, हे त्यांना कोणी शिकवलं नाही. हाताने शिकवलं. हीच मुलं घरी कन्सोल आला की हातात स्टिकचा कंट्रोलर घेतात आणि एक पायरी खाली उतरतात. त्यांच्या हातातल्या ड्युअलसेन्समध्ये जायरो असतो. खेळ तो वापरू देत नाही.

जायरो फिरण्याचा वेग मोजतो. किती वळलो हे काढायला एकदाच बेरीज लागते, म्हणून चूक अॅक्सेलरोमीटरसारखी भडकत नाही. वर-खाली झुकाव चुकला तर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून तो सुधारताही येतो. डावी-उजवी दिशा मात्र तशी सुधारता येत नाही, कारण उभ्या अक्षाभोवती फिरताना गुरुत्वाकर्षण बदलत नाही. त्यावर मोठा कॅमेरा लागत नाही, एक बटण पुरतं. निन्टेन्डोच्या 'स्प्लॅटून' या खेळाने २०१५ मध्ये हे करून दाखवलं. वर-खाली नेम जायरोने, मोठी वळणं स्टिकने, आणि गडबड झाली की एक बटण दाबून नेम मध्यावर. साडेपाच फुटांच्या जागेत, सोफ्यावर बसून, दिव्यांच्या उजेडात, खालच्या मजल्याला त्रास न देता हे सगळं होतं. कॅमेरा नाही, बार नाही. शिवाय जायरोच्या चिपमध्ये घासणारं काही नसल्याने ती स्टिकसारखी झिजत नाही, आणि बारीक कामाचा भार तिच्यावर गेला की उजव्या स्टिकचं आयुष्यही वाढतं.

ज्यांनी कधी वापरला नाही त्यांचा पहिला अनुभव हमखास वाईट असतो, आणि त्यात दोष बहुतेकदा सेटिंगचा असतो. संवेदनशीलता फार कमी ठेवली तर मान वळवायला कंट्रोलर पोटापर्यंत फिरवावा लागतो आणि माणूस कंटाळतो. जायरो 'तिप्पट'च्या आसपास ठेवून सुरुवात करावी, म्हणजे कंट्रोलर ३० अंश वळला की पडद्यावर ९० अंश. मनगट तेवढं सहज वळतं. वर-खालीची संवेदनशीलता आडव्यापेक्षा थोडी कमी चालते. 'स्मूदिंग' बंद करावं, कारण ते हालचाल पुसट करतं आणि उशीर लावतं. स्टिकने शत्रूच्या जवळपास पोचायचं आणि शेवटचं बोटभर अंतर जायरोने कापायचं, ही सवय लागेपर्यंत स्टिकची संवेदनशीलता बदलू नये. जायरो क्षणभर बंद करणारं एखादं बटण ठरवून घ्यावं. मनगट अवघडल्या कोनात अडकलं की ते दाबून हात सरळ करता येतो, जसा माउस उचलून परत ठेवतात. टीव्हीचा 'गेम मोड' चालू हवा. नाहीतर दोष जायरोच्या माथी आणि उशीर टीव्हीचा, असं होतं. रोज वीस मिनिटं दिली तर दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं. पहिले तीन दिवस मात्र गुण घसरणार. त्या तीन दिवसांतच बहुतेक जण सोडून देतात.

नेम आपोआप सरकायला लागला तर तो स्टिकचा ड्रिफ्ट की जायरोचा, हे आधी ओळखावं. कंट्रोलर सपाट टेबलावर ठेवून हात काढा. जायरो बंद केल्यावर सरकणं थांबलं तर दोष जायरोचा. स्विचवर सिस्टम सेटिंगमधल्या कंट्रोलर आणि सेन्सरच्या पानावर मोशन कॅलिब्रेट करायची सोय आहे. ते करताना कंट्रोलर कडक, सपाट जागेवर हवा. गादीवर, मांडीवर किंवा ज्या ओट्यावर मिक्सर चालू आहे तिथे केलं, तर यंत्र त्या थरथरीलाच स्थिरता समजतं आणि नंतर सगळं तिरकं चालतं. एसीच्या गारव्यात कॅलिब्रेट करून लगेच खेळायला बसलात तरी हाताच्या उबेने चिप तापल्यावर शून्य किंचित हलतं. दहा मिनिटं खेळून मग केलं तर बरं.

इतकं उपयोगी असूनही हे सगळीकडे का नाही? एक मोठं कारण मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स. ड्युअलशॉक ४, ड्युअलसेन्स, जॉय-कॉन, स्टीम डेक या सगळ्यांत जायरो आहे. एक्सबॉक्स वन आणि सीरीजच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये नाही. प्लेस्टेशन, निन्टेन्डो आणि एक्सबॉक्स अशा तिन्ही ठिकाणी खेळ विकणारी कंपनी मग सर्वांत कमी सोय असलेल्या कंट्रोलरप्रमाणे आखणी करते. कायनेक्टचा चटका मायक्रोसॉफ्टला जास्त बसला हे खरं. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपलेल्या त्या यंत्राची नवी आवृत्ती २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनच्या खोक्यात सक्तीने घातली, किंमत १०० डॉलरने वर गेली, आणि सात महिन्यांत त्याशिवायचं खोकं विकायला काढावं लागलं. २०१७ मध्ये उत्पादनच थांबलं. पण जे फसलं ते खोलीभर हातवारे करणं होतं. कंट्रोलरमधल्या छोट्याशा चिपने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं.

दुसरं कारण अर्धवट काम. काही खेळांत जायरो असतो, पण आतून तो स्टिकच्या हालचालीत बदलून पाठवला जातो. मग स्टिकचा डेडझोन बारीक हालचाल खातो आणि स्टिकचा कमाल वेग मोठी हालचाल अडवतो. म्हणजे जायरोचे दोन्ही गुण गेले. खेळाडू म्हणतो 'जायरो भिकार आहे', आणि कंपनी म्हणते 'कोणी वापरतच नाही'. 'फोर्टनाइट'ने २०२२ मध्ये जायरो थेट नेमाला जोडला आणि 'फ्लिक स्टिक'ही दिली. तीत स्टिक ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला माणूस एका झटक्यात वळतो आणि पुढचा नेम जायरो घेतो. एवढ्या मोठ्या खेळात हे बसतं, तर इतरांच्या सबबी टिकत नाहीत.

एका आक्षेपाला उत्तर द्यायलाच हवं, कारण तो खरा आहे. वी १० कोटींहून जास्त खपला तो जायरोच्या बारकाव्यांमुळे नव्हे. दीड डझनाहून अधिक बटणं आणि कळा असलेला कंट्रोलर ज्यांना हातात धरवत नाही, अशा आजी-आजोबांनी बोलिंगचा चेंडू टाकला म्हणून तो खपला. ते दार बंद करायचं का? मुळीच नाही. आपल्याकडे सोसायटीचे क्लबहाउस आणि ज्येष्ठ नागरिक संघ खेळाची साधनं घेतात, तिथे बोलिंगसारखा खेळ उत्तम. हॉल मोठा असतो, गर्दी हवीच असते आणि एका फटक्याला अर्धा सेकंद उशीर झाला तर कोणाचं बिघडत नाही. पण त्याच संघात पार्किन्सनने हात कापणारे असतात, खांदा धरलेले असतात, व्हीलचेअरवरचे असतात. एकाला बटण जमत नाही, दुसऱ्याला हात फिरवणं. 'मारिओ कार्ट वी'ने २००८ मध्ये याचं उत्तर देऊन ठेवलंय. प्लॅस्टिकचं स्टिअरिंग घ्या, रिमोट आणि त्याला जोडायचा स्टिकवाला नन्चक घ्या, क्लासिक कंट्रोलर घ्या की जुना गेमक्यूबचा. चौघं चार प्रकारे एकाच शर्यतीत. त्या स्टिअरिंगच्या आत तर काहीच नव्हतं, नुसता रिमोट बसवायचा साचा. तरीही पहिल्यांदा खेळणाऱ्याला त्याने धीर दिला. २०१८ चा एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आणि २०२३ चा प्लेस्टेशनचा अॅक्सेस कंट्रोलर याच वाटेने गेलेत. मोठी बटणं, बाहेरून जोडायचे स्विच, पायाने किंवा कोपराने दाबता येतील असे. खेळ मात्र जिथे हात फिरवायची सक्ती करतो तिथे हे कंट्रोलरही हतबल होतात.

व्हीआर वेगळं आहे. चष्मा डोळ्यांवर असला की हात दिसतात, जागा कळते, आणि हैदराबादच्या कंपनीच्या 'आयबी क्रिकेट'सारखा खेळ खरोखर बॅट धरल्यासारखा वाटतो. पण तिथेही साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते, आणि आपण पुन्हा मोजपट्टीपाशी येतो.

म्हणून दुकानात उभं असताना तीन गोष्टी करून पाहाव्यात. कंट्रोलर काउंटरवर सपाट ठेवून दहा सेकंद हात काढायचा आणि पडद्याकडे बघायचं. नेम सरकला तर दुसरा मागायचा. उजवी स्टिक कडेकडेने गोल फिरवून सोडायची. ती दर वेळी त्याच मध्यावर परत यायला हवी. आणि जो खेळ घ्यायचाय त्याचं सेटिंगचं पान उघडून जायरो आहे का, तो नेमाला थेट जोडलाय का, आणि हातवाऱ्यांच्या प्रत्येक कृतीला बटण देता येतं का, हे दुकानदाराला दाखवायला सांगायचं. नसेल तर खेळ काढणाऱ्या कंपनीला तसं लिहून कळवायचं. 'लेअर'ची सुधारणा लोक बोलले म्हणूनच आली होती.